खांबाला लागलेला ठसका

अमावास्येच्या दुपारी कसारा घाटात शे-दोनशे माणसं एका लोखंडी खांबापुढे हात जोडून बसली होती. माझं लक्ष सान्वीकडे होतं. माझी धाकटी जाऊ मालन, तिची ही सात वर्षांची नात. मघापासून हूं की चूं करत नव्हती.

पोरीला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. तिची आई ऐश्वर्या शाळेच्या कामानं दोन दिवस ठाण्याला गेलेली, तेवढ्यात मालननं सुई बंद केली. तिच्या मेलेल्या मुलानं, दिपेशनं, खांबातून तसं सांगितलं होतं म्हणे. हे मला इथं आल्यावर कळलं. मी ऐश्वर्याला फोन लावला.

वाफेच्या इंजिनांना पाणी पाजणारा तो खांब. त्याच्या वरच्या तोंडाला लाल कापड बांधून एक बाबा शेजारी बसला होता. "इथं इंजिनं पाणी प्यायची, आता पितरं पितात. आत्म्यालाही रूळ लागतात, मायबाप."

खांबाच्या बुडाचं झाकण निखळलेलं. तिथून घोगरा आवाज आला, "आई, मी दिपेश. सुई नको."

मालन रडू लागली. सान्वीच्या श्वासाला नासक्या फळासारखा वास येत होता.

दीड तासानं ऐश्वर्या धापा टाकत आली. "आई, तिला द्या. दवाखान्यात न्यायचंय."

"तिचा बाप बोलतोय गं." मालननं पोरीला आवळून धरलं. माणसं उठून आडवी आली.

ऐश्वर्या विज्ञान शिकवते. तिनं खांबाकडे पाहिलं, मग डोंगरावरच्या जुन्या टाकीकडे. "बरं. आधी तुमच्या दिपेशची दृष्ट काढते. एवढ्या लोकांची नजर लागली असेल."

बाबा नाही कसं म्हणणार? तिनं उताऱ्यातल्या सुक्या मिरच्या त्याच्याच धुनीच्या घमेल्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या आणि ते घमेलं खांबाच्या बुडाच्या भोकाशी सरकवलं. धूर आत ओढला गेला.

"आई, मी..." खांब खोकला. खोकतच राहिला. "अबे बंद कर, मरतोय मी इथं."

वरच्या टाकीतून एक तरुण डोळे चोळत बाहेर पडला. हातात मोबाइल.

"टाकीपासून खांबापर्यंत जमिनीखालून नळ आहे," ऐश्वर्या म्हणाली. "पाणी यायचं तसा आवाज येतो. धूर वर चढतो, चुलीचा चढतो तसा. रांगेत तुमची नावं विचारतात, ती मोबाइलवर वर पोचतात."

आडवी आलेली माणसं बाजूला झाली. मालनचे हात सैल पडले. ऐश्वर्यानं पोरीला उचलून दवाखाना गाठला.

सान्वी वाचली, पण थोडक्यात. रात्र झाली असती तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

गेलेलं माणूस पुन्हा बोलावं असं कोणाला वाटत नाही? मलाही वाटतं. पण मेलेल्याला ठसका लागत नाही. आणि तो खरंच दिपेश असता, तर त्यानं स्वतःच्या लेकीचं औषध बंद करायला सांगितलं असतं का? एवढा एक प्रश्न आधी विचारावा, हात मग जोडावेत.