दुसऱ्यांदा आलेला शब्द

बत्तीस वर्षं मी आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. एका परिच्छेदात एक शब्द दुसऱ्यांदा आला की माझी लाल पेन्सिल त्यावर पडलीच. वाचक काय बहिरा आहे का? आमचे संपादक म्हणायचे, "कालिचा, तुझ्या हाती नमाज दिला तर तोही तू अर्धा करशील." मला ते कौतुकच वाटायचं.

शेजारच्या बुरमाकानचा नवरा शेरमात मे महिन्यात गेला. दफनानंतर चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली, आणि बसायचं नावच घेईना. खिडकीशी जायची, दाराशी जायची. तिची एकुलती एक लेक आयझात मॉस्कोला एका हॉटेलात भांडी घासत होती. कामाचा परवाना महिन्याभरात हातात पडणार होता. मध्येच निघून आली असती तर दोन वर्षांची वणवण पाण्यात. म्हणून बाप गेल्याचं तिला इतक्यात कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"पण ती रोज संध्याकाळी फोन करते हो, एजे," बुरमाकान म्हणाली. मला ती मोठी बहीण मानते. "रोज म्हणते, अताला दे, बाबाशी बोलू दे. तीन दिवस रोज हेच सांगितलं, झोपलाय म्हणून. आज काय सांगू?"

"तेच ते सांगत बसलीस तर आंधळ्यालासुद्धा संशय येईल," मी म्हटलं आणि कागद ओढला.

कुरणात गेलाय. घसा बसलाय. दात काढायला गेलाय. मामेभावाच्या मुलाच्या लग्नाला गेलाय. हरवलेली घोडी शोधतोय. तीस कारणं लिहिली, एकही दुसऱ्यांदा नाही. खरं सांगते, मला त्यात मजा यायला लागली होती. मातीखाली गेलेल्या माणसाचे दात मी काढत होते!

परवाना हातात पडला तेव्हा तिकडच्या आपल्या चार बायकांनी आयझातला मधे बसवून, रीतीप्रमाणे, आडवळणानं बातमी ऐकवली. बापाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी ती घरी पोचली.

आता दुसराच प्रश्न उभा राहिला. बापासाठी लेकीनं कोशोक, म्हणजे मेलेल्याचा शोक, गायचा असतो, भिंतीकडे तोंड करून, सगळ्या बायकांच्या देखत. दफनाला लेक नव्हती. चाळिसाव्यालाही तिचं तोंड उघडलं नाही, तर शेरमातला रडायला कोणी नव्हतं असंच लोक म्हणणार. आणि आयझातला कोशोकाची एक ओळ येत नव्हती.

"लिहून द्या, एजे," बुरमाकान म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी तीस ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळ नवी. आयझात माझ्या टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचत होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत.

"छान आहे. पण एजे, यात थांबायचं कुठे?"

"थांबायचं कशाला? पाठ कर."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग कागदाची घडी करून गेली.

दुसऱ्या दिवशी बुरमाकानच्या अंगणात नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं गोल घर उभारलं. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून "हाय माझ्या भावा, हाय माझ्या भावा" करत होते. आत आम्ही बायका दाटीवाटीनं बसलो होतो. आयझातनं कमरेवर हात ठेवले, भिंतीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. पहिल्या चार ओळी बऱ्या गेल्या. बायका वाट बघत होत्या. कोशोकात एक ओळ फिरून येते. ती आली की सगळ्या उचलतात, तेवढ्यात गाणारी श्वास घेते, रडून घेते. माझ्या कागदावर तशी जागाच नव्हती. अकराव्या ओळीला पोरीचा दम संपला.

माझ्या शेजारची म्हातारी झुउराकान कुजबुजली, "संपलं? बातम्या वाचत होती काय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आयझात, मागे न वळता, हलक्या आवाजात बापाला उद्देशून म्हणाली, "अताम, मला का नाही सांगितलं?"

बायकांना हवी होती ती ओळ मिळाली. सगळ्यांनी उचलली. "अताम, मला का नाही सांगितलं?"

"म्हणे कुरणात गेलास तू."

"अताम, मला का नाही सांगितलं?"

"म्हणे घसा बसला तुझा."

"अताम, मला का नाही सांगितलं?"

दात, लग्न, घोडी. माझी यादी, माझ्याच क्रमानं. मी पण ती ओळ म्हणत होते. न म्हणून जाते कुठे! झुउराकानचा मुलगा रशियात गेला तो परत आला नाही. ती तर हंबरडा फोडून म्हणत होती.

"रोज नवं कारण, अताम. तू तर जन्मभर फोनवर एकच विचारलंस, जेवलीस का, जेवलीस का." तिचा आवाज चिरकला. "घोडी हरवली म्हणाले त्या दिवशीच मला कळलं, अताम. तरी रोज फोन केला. कोणी तरी खरं बोलेल म्हणून."

सगळ्या म्हणत होत्या, फक्त बुरमाकानचे ओठ मिटलेले होते. भिंतीकडे बघत ती पुढेमागे झुलत होती. मग तिनंही उचलली. पण तिच्या तोंडात ती ओळ तशी राहिली नाही.

"मी का नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी का नाही सांगितलं, मी का नाही सांगितलं."

बाकीच्या गप्प झाल्या, ती थांबेना. कोशोक चालू असताना भिंतीकडचं तोंड फिरवायचं नसतं. आयझात फिरली. गुडघ्यांवर सरकत आईपाशी आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बास, आपा. बास, आई."

बुरमाकाननं तो हात बाजूला केला आणि पुन्हा म्हटलं, "मी का नाही सांगितलं."

घोडी हरवल्याच्या दिवसापासून सगळं माहीत असून आयझातही आईशी त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिनं आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि आईचीच ओळ आईबरोबर म्हणायला लागली.