अक्तीचा जास्तीचा दोना

"कुंभारानं माती तुडवली का नुसती थुकी लावली, कोन जाने," आनंदाबाई घागरीच्या बुडाशी बोट फिरवत पुटपुटत होती. "हे त आत्तापासूनच रडून राहिली."

चुलीपाशी कामिनी कढी घोटत बसली होती. सासूची कुरकुर तिच्या कानाला इतकी सवयीची, की ती थांबली असती तरच तिनं वळून पाहिलं असतं.

"नवी घागर पाझरतेच, आत्याबाई. नाही त पानी थंडं कसं होईन?"

"हो बाप्पा, तुले सारंच ठाऊक!"

सारं ठाऊक असतं तर आणखी काय पाहिजे होतं!

अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. धानाच्या बांध्या उन्हानं तडकल्या होत्या, तलावात म्हशीची पाठ भिजेल एवढंच पाणी उरलं होतं. अशा दिवसांत गेलेल्या माणसांनाही तहान लागते, म्हणून त्यांच्या नावानं घागर भरायची, पळसाच्या पानांचे दोने मांडायचे. ज्याच्या नावाचा दोना मांडला, तो गेला. ज्याचा मांडला नाही, तो आहे. मनिषचा दोना या घरात कधीच मांडला नव्हता.

मनिष म्हणजे कामिनीचा नवरा. धाकट्या भावाला, प्रितमला, सोबत घेऊन तो बोअरच्या गाडीवर कामाला तेलंगणात गेला. आधी त्याचे स्वतःचे फोन यायचे. मग प्रितमचेच यायला लागले. "दादा दुसऱ्या गाडीवर गेला. तिकडं रेंज नाही." एवढं बोलून प्रितम घाईघाईनं फोन ठेवायचा, जसा चटका बसला हाताला.

मधे एकदा माहेरून, कोंढ्याहून, कामिनीचा भाऊ आला होता. पवनीकडचं एक स्थळ होतं, बायको गेलेला भला माणूस. "किती वाट पाहशीन, बाई? थ्या मानसाले सारं सांगून ठेवलं हाये." कामिनी याच अंगणात उभी राहून भावावर कडाडली होती, "माहा मालक जिता हाये! जित्या मानसाची बायको दुसऱ्याच्या घरी नांदाले जाते काय?" सासरा, भैयाजी, बाजेवर तंबाखू मळत होता. तो मळतच राहिला. भाऊ चहा न पिता गेला. त्या भल्या माणसानं दुसरी केली, त्यांची पोरं आता शाळेत जातात.

यंदा भैयाजीची उजवी बाजू लकव्यानं गेली. पितरांना पाणी द्यायला घरातल्या पुरुषाचा हात पाहिजे, म्हणून आनंदाबाईनं प्रितमला शपथा घालून बोलावलं. इतक्या वर्षांनी तो घरी आला. "बरी हायेस ना, वैनी?" असं त्यानं विचारलं, पण कामिनीच्या पायांना. तोंडाकडे काही पाहिलं नाही.

"बस बाबू," आनंदाबाई म्हणाली. "आज्याचा मांड, आजीचा मांड, मंग तुह्या मोठ्या बाबाचा."

प्रितम दक्षिणेकडे तोंड करून बसला. दोना मांडायचा, पाणी सोडायचं, हात जोडायचे. आज्याचा झाला, आजीचा झाला, मोठ्या बाबाचा, बापाच्या थोरल्या भावाचा, झाला. अन मग, संध्याकाळचा बैल हाकलल्याशिवाय गोठ्याकडे वळतो तसा, त्याचा हात आणखी एका दोन्याकडे गेला. तो दोना त्यानं जरा अंतरावर मांडला. खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली, चिमूटभर खर्रा दोन्यात ठेवला अन पाणी सोडलं. तिकडं तेलंगणात, खोलीवर, दर अक्तीला एकट्यानं केलेलं काम. हाताला वळण पडलेलं. हात जोडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आज आपण खोलीवर नाही.



"गायीचा..." बाजेवरून भैयाजीच्या वाकड्या तोंडातून शब्द निघाला. "गायीचा अशीन थो."

"हो, गायीचाच," आनंदाबाई लगबगीनं म्हणाली. "गायीले घास नाही काढा लागत काय?"

"हो. गायीचा," प्रितम म्हणाला.

कामिनी कढीचं भांडं घेऊन उभी होती. "आपली गाय खर्रा कधीपासून खाते, भाऊजी?"

"मोजन्यात चुकलो, वैनी."

"पुडी बी मोजन्यातच उघडली काय?" ती हसलीसुद्धा. हसताना पळीतली कढी पायावर सांडली, ते तिला कळलं नाही. या घरात खर्रा एकच माणूस खायचा. त्यावरून तिनं त्याच्याशी किती भांडणं केली होती! "बरं, मले एवढंच सांगा. या दोन्यात वाढू का नको? जित्याच्या नावानं वाढलं त पाप लागते. मेल्याले उपाशी ठेवलं तरी लागते. मी काय करू? सांगा ना कोनीतरी."

प्रितमनं बापाकडे पाहिलं. बाप छपराच्या कवेलूंकडे पाहत होता. त्याच्या एकाच डोळ्यातून पाणी गळत होतं. पुसायला हात उचलत नव्हता. रोज कामिनीच त्याचं तोंड पुसायची. आज ती जागची हलली नाही.

तिला कळलं नव्हतं असं नाही. कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहते काय? पण आपल्याला कळणं वेगळं, अन कोणी तोंडानं सांगणं वेगळं. सांगितल्याशिवाय बाईला रडताही येत नाही.

"भाऊजी, बोला. मी हात जोडते तुमाले."

प्रितमनं गुडघ्यात डोकं घातलं. खांदे हलायला लागले.

आनंदाबाई भिंतीला धरून उठली. कामिनीच्या हातातली पळी तिनं घेतली अन त्या बाजूच्या दोन्यात कढी वाढली.

"कोनाच्या नावानं, आत्याबाई?"

"मनिषच्या." म्हातारीचा आवाज अगदी साधा होता, दळण संपलं असं सांगावं तसा. "बोअरचा पाइप पडला अंगावर. तिकडंच जाळला यानं."

"कधी?"

"तुहा भाऊ आला ना, त्याच्या आंधीच्या उन्हाळ्यात."

कामिनी खाली बसली. "मंग थ्या दिवशी... मी भावाले बोलली... तुमी सारे आयकत होते ना?"

"आयकत होतो."

"काहून नाही सांगतलं?"

आनंदाबाईनं पळी घागरीवर ठेवली. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. प्रितम "माय, नको" म्हणाला, पण ती थांबली नाही.

"तू गेली असती, पोरी. मंग धानाचा रोवना कोन केला असता? आमाले दोघाईले पानी कोन देल्लं असतं?"