आण्याच्या पठारावरचे आकडे

२००३ सालच्या फेब्रुवारीत मंचरचा सोपान जुन्नरकडच्या एका डोंगरावरून पॅराग्लायडर घेऊन उडाला आणि वाऱ्यानं भरकटत पार आणे गावच्या पठारावर आला. उतरताना छत्री एका बाजूनं मिटली. दोन पुरुष उंचीवरून तो खडकावर आदळला. उजवं मनगट मोडलं, घोटा टम्म सुजला, चष्मा तर कुठं उडाला ते कळलंच नाही. चष्म्याशिवाय त्याला हातातल्या कागदावरचं अक्षरही दिसत नसे.

खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून मित्र ओरडत होता, "जीपीएसवरचे आकडे सांग, जीप घेऊन निघतो!"

विमानवाल्यांचा तो जीपीएस उडायला शिकवणाऱ्या सरांनी उसना दिलेला, मांडीला पट्ट्यानं बांधलेला. पण पडद्याच्या जागी सोपानला नुसता करडा डाग दिसत होता.

एवढ्यात मेंढरांच्या घुंगरांचा आवाज आला. मागून पन्नाशीची एक बाई धावत आली. "आगं बया! भाऊ, जित्ता हाईस न्हवं?"

तिचं नाव सुंदरा. तिनं आधी पाणी पाजलं, पदर फाडून मनगट बांधलं. मग म्हणाली, "बिरोबाच्या मागल्या माळावर हाय म्हणून सांग की त्यांना."

"ते पुण्याचे आहेत, मावशी. त्यांना बिरोबा सापडायचा नाही. तुम्हाला इंग्रजी आकडे येतात?"

"येत्यात. गावच्या एसटीडीवरनं भावाला फोन मीच लावती. अक्षरं मातुर न्हाई."

सोपानला हायसं वाटलं. "काय दिसतंय?"

"मधी इवलंसं इमान हाय, भवती रेघा."

म्हणजे नकाशा. बटणांच्या जागा आठवत त्यानं सांगितलं, "उजवीकडचं वरचं बटण दाबा." तिनं दाबलं. "आता?"

"लांबलचक यादी आली."

काहीतरी चुकलं. ही जवळच्या विमानतळांची यादी असणार. त्यानं दुसरं बटण सांगितलं; यादीत आणखी एक यादी उघडली. त्याच्या हाताचा धक्का यंत्राला लागून ती मिटली, म्हणून त्यानं तेच बटण पुन्हा दाबायला लावलं. तिसरं सांगितलं, तर बॅटरी संपत आल्याची पाटी मधोमध आली. ठणका वाढत होता. सोपान चिडून म्हणाला, "राहू द्या! मलाच नीट आठवत नाही."

"थांब जरा," सुंदरा शांतपणे म्हणाली. "मघा तुझा धक्का लागून डाव्या अंगाचं बटन दाबलं गेलं, तवा एक पान मागं गेलं व्हतं. त्येच दाबती."

पाटी गेली. पुन्हा दाबलं, आतली यादी गेली. आणखी एकदा दाबलं, आणि इमान परत आलं.

"आता उजवीकडचं खालचं," सोपान हळूच म्हणाला. "एकेकदा दाबा. वर-खाली आकड्यांच्या दोन ओळी आल्या की थांबा."

तिसऱ्या खेपेला ती थांबली. "आल्या! वरल्या वळीच्या तोंडाला दोन उभ्या काठ्या, मधी तिरकी. खालच्याला तीन दातांची फणी."

"हेच! एन आणि ई, म्हणजे उत्तर आणि पूर्व. वाचा, मावशी."

डाव्या हातानं त्यानं वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं. सुंदरा एकेक आकडा मोठ्यानं, फोन लावल्यासारखा, वाचत गेली. मित्रानं तेच आकडे परत म्हणून दाखवले, एक चुकला तर तिनं तिथल्या तिथं दुरुस्त केला, "आठ न्हाई, तीन!"

पाऊण तासानं जीप थेट माळावर आली. तोवर सुंदरा उन्हाच्या बाजूला घोंगडी धरून उभी होती.

महिन्याभरानं, हात अजून प्लास्टरमध्ये असताना, सोपान आईला घेऊन आण्याला गेला. आईनं सुंदराची खणानारळानं ओटी भरली. तिनं सुंदराचे दोन्ही हात कपाळाला लावले. सोपान पाया पडायला वाकला, तर सुंदरानं त्याला दंडाला धरून उठवलं.

"पाया राहू दे. मला येक सांग, वरनं आमचा माळ कसा दिसतो?"

सोपान ओट्यावर टेकला. वाळल्या गवताचा पिवळा रंग, पायवाटांच्या बारीक रेघा, सांडलेल्या ज्वारीएवढी दिसणारी मेंढरं, सगळं त्यानं सावकाश सांगितलं. चहा गार झाला तरी सुंदरा ऐकतच होती.