रिटर्नची नळी

वैजनाथने तो ट्रक टोचन करून गॅरेजसमोर आणून सोडला, त्या दिवसापासून ग्यानोबा धड जेवला नाही. दोन घास खायचा, उठायचा, हात धुवायचा आणि बोटं हुंगत बसायचा.

"अजून डिझेलला हात बी लावला न्हाई तुमी," सिंधु म्हणायची. "वास कशाचा यील?"

बायकोचं म्हणणं खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्याला तिचा राग यायचा.

नांदेडच्या देगलूर नाक्याकडे, मेकॅनिक लोकांच्या लाईनीत ग्यानोबाचं गॅरेज. पंचवीस वर्षं झाली असतील. गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक, पाटे, म्हणाल ते काम करणार. फक्त डिझेलच्या नळीला हात लावणार नाही. तसलं काम आलं की शेजारच्या मडिवाळप्पाकडे बोट दाखवायचा आणि चहा सांगायचा. नवीन गिऱ्हाइकाला हे चमत्कारिक वाटायचं. जुन्या गिऱ्हाइकांना कारण माहीत होतं, किंवा माहीत आहे असं त्यांना वाटायचं.

नऊ वर्षांपूर्वी ग्यानोबाने वैजनाथच्या गाडीला डिझेलची नवी लाईन टाकून दिली होती. चौथ्या दिवशी माळाकोळीच्या पुढच्या चढावर त्या गाडीने पेट घेतला. वैजनाथने बॉनेट उघडलं तेव्हा त्याचा डावा हात भाजला, इतका की त्याची दोन बोटं आजही एकमेकांना चिकटलेली आहेत. ग्यानोबा लातूरच्या दवाखान्यात पळत गेला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "माझी चूक. क्लिप ढिली ऱ्हायली असंल." खाटेवरचा वैजनाथ डोळे मिटून पडला होता. त्याची बायको गौरम्मा भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती तेव्हा बोलली नाही आणि त्यानंतर एकदाही बोलली नाही. ग्यानोबाच्या लेखी तो निकाल होता. वैजनाथ दोस्त, तो काय, माफ करणारच. पण ज्या बाईला रोज नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून द्यावी लागतात, तिने तोंड फिरवलं म्हणजे आपल्या हातात खोट आहे, हे त्याने धरून टाकलं.

आणि आता तोच वैजनाथ डिझेलचंच काम घेऊन दारात उभा होता.

ट्रक लातूरच्या रेवणप्पा शेटचा. शेटच्या आजोबांनी डाळमिल टाकली तेव्हाचा, लांब नाकाचा, पन्नाशी उलटलेला. शेटला तो पुन्हा चालता करायचा होता. जुनं इंजिन जाम झालं होतं, म्हणून देगलूरच्या भंगारातून एक टर्बोचं इंजिन आणून बसवलं. कागदपत्रंही शेटनी करून घेतली. पण जुन्या इंजिनाची टाकी गंजलेली, नळी करंगळीएवढी. नव्या इंजिनाची तहान मोठी. टाकी, नळ्या, फिल्टर सगळं नव्याने घडवायचं होतं, आणि त्या जळालेल्या गाडीच्या आधीपासून शेटचाच ड्रायव्हर असलेल्या वैजनाथने सांगून टाकलं होतं की हे काम ग्यानोबाच करील.

"लाईनीत धा जण हायती," ग्यानोबा म्हणाला. "मीच कशाला?"

"तूच कर," वैजनाथ म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. भाजलेला हात घेऊन माणूस दारात आला तर त्याला काय म्हणून परत पाठवणार? ग्यानोबाने मनाशी ठरवलं की हे काम बिनचूक झालं तर आपला हात अजून चांगला आहे. यात एक थेंब जरी गळला तरी गॅरेजला कुलूप लावून नायगावला शेतावर निघून जायचं. त्याने हे सिंधुला सांगितलंही. ती म्हणाली, "शेतात तरी कुटं गप बसनार हाव तुमी?"

दोन आठवडे तो त्या ट्रकभोवती फिरत राहिला. जाड पत्र्याची टाकी घडवली. आत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या जोडल्या, म्हणजे चढ-उतारावर डिझेल हिंदकळणार नाही आणि नळी हवा ओढणार नाही. सायलेन्सर एका अंगाला, म्हणून नळी दुसऱ्या अंगाने नेली आणि वीत-वीत अंतरावर क्लिपा मारल्या. एक फिल्टर पुरला असता, त्याने दोन लावले. मग रिटर्नची नळी. इंजिन जेवढं डिझेल ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. उरलेलं गरम होऊन टाकीत परत येतं, ती ही नळी. ती त्याने ऐसपैस घेतली आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडली, म्हणजे गरम डिझेल लगेच पुन्हा ओढलं जाणार नाही. या नळीवर त्याचा विशेष जीव. कारण काही ड्रायव्हर लोकांना असली अक्कल असते की नळीत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा टाकायचा आणि परतीची वाट बंद करायची. पंपात दाब वाढतो, गाडी चढाला जोर करते आणि ड्रायव्हर मिशीला पीळ देतो. तो दाब पुढे कुठून फुटेल याची फिकीर कुणाला?

सगळ्या लाईनीत हवा भरून त्याने जोडांना साबणाचं पाणी लावलं. कुठे बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी घट्ट बसलेल्या क्लिपा उगाच सोडवून परत आवळल्या. मडिवाळप्पा पलीकडून ओरडला, "आरं, आवळून आवळून गाडीचा जीव घेऊन राहिला का?" ग्यानोबाने नळीत अडकलेली एअर काढली, इंजिन सुरू केलं, बंद केलं, खाली शिरून पाहिलं, पुन्हा सुरू केलं. थेंब नव्हता. तरी जिवाला चैन पडेना. उभा राहिला की बसावंसं वाटे, बसला की उठावंसं.

वैजनाथ न्यायला आला तेव्हा ग्यानोबाने मागे वाळूची पोती भरायला लावली आणि स्वतः शेजारी चढून बसला. "लातूरपस्तोर येतो," म्हणाला. "रिकाम्या गाडीचं काय कळत न्हाई."

लोहा गेलं, माळाकोळी गेलं. ट्रक तालात चालला होता. ग्यानोबा मात्र दर दहा मिनिटांनी गाडी थांबवायला सांगे, खाली उतरून वाकून बघे, बोट फिरवे, हुंगे आणि परत चढे. वैजनाथ मुकाट्याने थांबत होता. मग तो चढ आला. दोघांनाही तो ओळखीचा होता आणि दोघंही समोरच बघत राहिले. ट्रक सावकाश झाला. वैजनाथने गिअर खाली घेतला, आणखी एक खाली घेतला, तरी गाडी रांगायलाच लागली.

"रिटर्न दाबला आसता तर चढली आसती," वैजनाथ बोलून गेला. "तव्हा बी चढली व्हती."

"तव्हा म्हंजे कव्हा?"

वैजनाथचा भाजलेला हात गिअरवर तसाच राहिला. गाडी रांगत माथ्यावर पोचली आणि तिथे त्याने ती कडेला घेऊन बंद केली.

"छर्रा टाकला व्हता," तो समोरच्या काचेला सांगितल्यासारखा म्हणाला. "तू लाईन टाकून दिली, त्याच्या दुसऱ्याच दिशी. सांगावं म्हनूनच ह्यो टरक तुझ्याकडं आनला. चौदा दिस रोज सांगावं म्हनलं, जमलं न्हाई."

ग्यानोबाला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. त्याची क्लिप जागच्या जागी होती. दाबाने नळी निसटली होती आणि डिझेल तापलेल्या लोखंडावर उडालं होतं. तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेने वीस पावलं गेला, वीस पावलं परत आला. असं चार वेळा केलं. त्याला वैजनाथचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. लातूरला ओढून आणलेली ती जळकी गाडी तीन दिवस दवाखान्यापासून दोन मैलांवर उभी होती. एकदा जाऊन नळी हातात घेतली असती तर छर्रा तळहातावर पडला असता. पण हा शहाणा चूक अंगावर घ्यायला इतका उतावीळ झालेला की बघायचंही त्याला सुचलं नाही.

"वेळ अमावस्येचे नऊ सण झाले," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "दर साली तुला शेतात बोलवून सगळ्यांच्या आधी आंबील वाढली मी. तू पिलास."

"पिलो."

"गळ्याखाली कशी उतरली?"

वैजनाथचे डोळे भरून आले. ग्यानोबाला त्याची कीव आली नाही. "चाल," तो म्हणाला. "वैनीला सांगायचं. माझ्या म्होरं."

मग लातूर येईपर्यंत ग्यानोबाने गाडी एकदाही थांबवायला लावली नाही. तो मनात वाक्यं जुळवत होता, कठोर वाक्यं. त्या बाईने नऊ वर्षांत एकदा तरी मान वर करून बघितलं असतं, तर त्याला दर वेळ अमावस्येला तिच्यासमोर चोरासारखं उभं राहावं लागलं नसतं. आज तिला कळेल की चोर कोण ते.

गौरम्मा अंगणात तूर पाखडत होती. दारात ट्रक थांबला, त्यातून हे दोघं उतरले. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"वैनी, ह्याला तुमाला काई सांगायचंय," ग्यानोबा म्हणाला.

वैजनाथने तोंड उघडलं.

"छऱ्याचं का?" गौरम्मा म्हणाली.

ग्यानोबाने जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली.

"दवाखान्यात तुमी यायच्या आदीच सांगितलं यांनी मला," ती म्हणाली. ती ग्यानोबाशी बोलत होती, पण मान अजून खालीच होती. "तुमी आलात ते माझी चूक, माझी चूक म्हनतच आलात. मी सांगनार व्हते. तर तुमची पाठ फिरताच ह्यांनी जळक्या हातानं माझे पाय धरले. शेट कामावरून काढतील, लेकरं लहान हायती म्हनले. मग मी गप बसले, भाऊजी. तुमच्याशी कशी बोलू? बोलले आसते तर तेच बोलले आसते."

नऊ वर्षं ज्या गप्प बसण्याला ग्यानोबा निकाल समजत होता, ते या बाईने स्वतःच्या तोंडावर दाबून धरलेला हात होता. तिच्यावर ओरडायला तो आला होता. आता कुणावर ओरडावं तेच त्याला समजेना. वैजनाथ ओट्यावर बसून पोरासारखा रडत होता आणि त्याला उठवावं असंही वाटेना.

"उद्या गाडी घेऊन नांदेडला ये," ग्यानोबा अखेर त्याला म्हणाला. "लाईनीत समद्यांच्या म्होरं सांग. शेटला बी सांग. मग आपलं काय ते बघू."

वैजनाथने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कळायला मार्ग नव्हता.

"मी येते संगं," गौरम्मा म्हणाली, आणि आता तिने मान वर करून ग्यानोबाकडे सरळ पाहिलं. "हे न्हाई बोलले तर मी बोलन."

तिने पाण्याचा तांब्या आणला. ग्यानोबाने तो उभ्या उभ्याच रिकामा केला आणि निघाला. वैजनाथ सोडायला येतो म्हणाला, त्याला नको म्हणून तो चालतच बसस्टँडवर आला. नांदेडची बस अर्धी रिकामी होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, "मामा, बसा की." पण ग्यानोबा दांडीला धरून निम्म्या वाटेवरच्या अहमदपूरपर्यंत उभाच राहिला.