लाल नळाचं गार पाणी

"बघ गिते, बघ! लाल सोडला आन् गरमच आलं की न्हाई?" बयाबाईंनी न्हाणीतूनच लेकीला हाक मारली.

गिताबाईंनी शॉवरखाली बोट धरलं, चटकन मागे घेतलं आणि दारात उभ्या असलेल्या भावजयीकडे, ललिताकडे, चोर सापडल्यासारखं पाहिलं.

झालं होतं असं. वरवंडच्या त्या घरात नवी न्हाणी बांधली, तेव्हा सोपान मिस्त्रीने घाईत पाइप उलटे जोडले. ललिताला पहिल्याच दिवशी चटका बसला. तिने सासूला बजावलं, "आत्याबाई, लाल गार हाय, निळा कडक." पण बयाबाई सुनेच्या हातचं ताकही फुंकून पिणाऱ्या! लाल कधी गार असतो का? हिचा मला भाजायचा बेत दिसतो, असं म्हणत त्यांनी मुद्दाम निळा सोडला. खांदा पोळला, तरी 'सुनेनं सांगितलेला लालच सोडला आन् भाजले' असं सांगत त्या तडक भांडगावला लेकीकडे गेल्या.

पुन्हा कुणाला भाजायला नको म्हणून ललिताने मिस्त्रीला बोलावलं. त्याने भिंत न फोडता नळांवरच्या लाल-निळ्या टिकल्यांची अदलाबदल केली. दुसऱ्याच दिवशी बयाबाई खात्री पटवायला लेकीला घेऊन परतल्या. नळ खरे झाले आणि ललिता खोटी ठरली.

"अवो, मिस्त्रीनं कालच नीट केलं," ती कळवळून म्हणाली.

"मिस्त्री काय, तू पढवशील तसं बोलंल!" बयाबाई कडाडल्या. " सत्यजीतचा फोन येऊ दे रविवारी. सांगते त्याला, बायको जिवावर उठलीय म्हून."

सत्यजीत फौजेत, दूर पठाणकोटला. आईचा शब्द त्याला प्रमाण आणि फोनवरून नळ थोडाच दिसणार! ललिताला रडू नाही, संताप आला. करायला जावं बरं आणि बालंट आपल्याच माथी!

दुपारी तिने मिस्त्रीचं दुकान गाठलं.

"मामा, नळ पुन्यांदा उलटं करून द्या."

"येड लागलं का पोरी? आता कुठं बरोबर झालंय."

"त्येच तर! पहिल्यासारखं करा. आत्याबाईस्नी दावते, मी खोटं बोलले न्हवते."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "करतो की. पन म्हातारी तुझं ऐकायची न्हाई. परत भाजली तर?"

ललिताला सासूचा पोळलेला खांदा आठवला.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

रविवारी फोन वाजला. ललिताने उचलला. "बरी हाय मी. आत्याबाईस्नी देते," म्हणून तिने रिसीव्हर सासूच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.