उत्तम शुक्रवारची मीटिंग

सुट्टी आली की सोसायटीची मीटिंग लावायची, हे मुलुंडात आता शास्त्रच झालंय. मग सुट्टी कोणाची का असेना! या खेपेला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. चौथ्या मजल्यावरच्या शकुबाई उजागरे त्या दिवशी पहाटेपासून दुपारी तीनपर्यंत मौन पाळत. प्रभूने प्राण सोडला ती वेळ होईपर्यंत हूं नाही की चूं नाही, मानेची खूणसुद्धा नाही.

नवरा गेला त्या वर्षीपासूनचा हा नेम. तसं एरवी तरी रिकाम्या घरात बोलणार कोणाशी? पण या दिवशीचं गप्प बसणं वेगळं. घरात आपल्याजवळ कोणीतरी बसलंय असं त्यांना वाटायचं. वर्षातून तेवढाच एक दिवस त्यांना एकटं वाटत नसे.

मीटिंगला गेलं नाही तर सेक्रेटरी अण्णा बेल बडवून हैराण करणार, म्हणून अकरा वाजता त्या खाली पार्किंगमध्ये जाऊन मागच्या खुर्चीत बसल्या.

"लिफ्टची पार वाट लागलीय," अण्णा कडाडले. "बुधवारी गच्चीवरचा नळ उघडा राहिला, पाणी मशीनरूममध्ये शिरलं. गच्चीची चावी कोणाकडे असते? राधाकडे!"

राधा म्हणजे जिने झाडणारी. नवरा नाही, पदरात एक पोर. ती रडकुंडीला आली. "साहेब, त्या दिवशी चावी माझ्याकडं नव्हतीच. शकुमावशींनी नेलेली पापड वाळवायला. विचारा ना त्यांना!"

सगळ्या माना मागे वळल्या.

खरंच होतं ते. चावी शकुबाईंनीच नेली होती. आणि पापड उचलून त्या खाली यायला निघाल्या तेव्हा अण्णांचा मुलगा चैतन्य नळाखाली बूट धूत होता. "काकू, चावी ठेवून जा, मी लावतो कुलूप," असं तोच म्हणाला होता.

 शकुबाईंनी नजर खाली वळवली. तीनला चार तास तर राहिलेत, तेव्हा सांगू सगळं, चार तासांत काय आभाळ कोसळतंय? प्रभूसुद्धा न्यायनिवाड्याला बसलेल्या पिलातापुढे गप्पच राहिला होता. हो, राहिला होता, पण स्वतःवर आळ आला तेव्हा! हे बाईंना कळत नव्हतं थोडंच? चांगलं कळत होतं. पण अकरा वर्षांचा नेम मोडायचा म्हणजे जवळ बसलेल्याला उठवून लावण्यासारखं वाटलं त्यांना. मन घट्ट करून त्या बसून राहिल्या.

"बघा! त्यापण काही बोलत नाहीत," अण्णा म्हणाले. "राधाचं काम आजपासून बंद. कोणाची हरकत? नाही ना? एकमताने मंजूर."

तीनच्या ठोक्याला शकुबाई अण्णांच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून अण्णा लालबुंद झाले. "माझ्या पोराचं नाव घेताय? सकाळी तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? आता मीटिंगच्या मिनिट्सवर सह्यापण झाल्या." आणि दार धाडकन लागलं.

तिथून दुखरे गुडघे घेऊन त्या राधाच्या चाळीत गेल्या. दुपारपर्यंत बातमी पसरून राधाची शेजारच्या बिल्डिंगमधली दोन कामंही सुटली होती. तरी तिने शकुबाईंना बसायला पाट दिला, पाणी दिलं.

"राधे, मी सांगून आले अण्णांना. उद्या सगळ्यांच्या घरी जाऊन सांगते. चुकलं गं माझं. अगं, माझं मौन होतं, तीनपर्यंत. देवासाठी."

"ठाऊक आहे की मला," राधा म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुम्हीच तर सांगितलेलं मागच्या वर्षी, आजच्या दिवशी तुमच्या देवाला खोटा आळ घालून मारला म्हणून. म्हणून तर एवढ्या लोकांत तुमचंच नाव घेतलं मी."

शकुबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांना धड रडताही येईना.

"पाणी आलंय, मला भरायचंय," असं म्हणून राधा कळशी उचलून बाहेर गेली.