खोळीवरचा लाल रंग

पालेगावच्या हरिचंद्रचा घामही लाल यायचा. अंबरनाथ एमआयडीसीत तो रंगाच्या कारखान्यात होता. बनियन लाल, उशीची खोळ लाल, लघवीसुद्धा लाल. त्याच्या बायकोला, गोदूबाईला, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मे महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला की खात्यातली माणसं गूळ खात, तांब्या तांब्या पाणी पीत आणि अंगातला रंग काढून टाकत.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात मात्र हरिचंद्रला जागचं उठवेना. मांड्या ठणकत, जिना तर दूरच राहिला. कंपनीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं होतं, म्हणून नवी गोळी सुरू झाली होती. ती येताच त्याने थायरॉइडची जुनी गोळी परस्पर बंद केली. एका माणसाला दोन दोन गोळ्या कशाला, असं त्याचं डोकं चाललं. कंपनीच्या डॉक्टरांना त्याने जुन्या दुखण्याचा पत्ताही लागू दिला नाही.

लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तेव्हा स्वारी उलट खूश.

"मुरलेला रंग निंगतं हाय गो. आजून गूल दे."

गोदूबाईने गूळ दिला, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चुलीपाशी बसे, उठे, पुन्हा खाटेशी जाई. पाय चेपायला घेतले तर तो कळवळला. त्याची खोळ धुवायला काढली आणि ती दगडापाशीच थबकली. खोळ पांढरी होती. घामातला रंग कधीच गेला होता, मग हा कुठला निघत होता?

"यो रंग कारखान्याचा नाय," ती म्हणाली. "मी रिक्षा आनते."

"उगा घाबरतस," तो पुटपुटला. पण सकाळपासून त्याला लघवीच झाली नव्हती.

उल्हासनगरच्या डॉक्टरांपुढे तिने दोन्ही गोळ्यांची पाकिटं टाकली. थायरॉइडचं औषध सुटलेलं असताना ही नवी गोळी स्नायूंना बाधली, ते म्हणाले. स्नायू झिजून त्यांचाच रंग लघवीत उतरला आणि मूत्रपिंडं बंद पडत आली. मुंबईला नेऊन त्याचं रक्त यंत्रावर धुवावं लागलं. गोदूबाईला स्वतःचा राग राग आला. गूळ तिनेच भरवला होता.

हरिचंद्र वाचला. नवी गोळी बंद झाली, जुनी सुरू झाली आणि दिवाळीनंतर तो कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाईला मोरीत लाल पाणी दिसलं. ती तशीच आत धावली आणि त्याची उशी उचलली. खोळ लालभडक होती. उशी पोटाशी धरून ती मटकन खाली बसली आणि सुटका झाल्यासारखी रडली.